जपानी तलवार हजार वेळा दुमडत नाहीत

व्हॉट्सअ‍ॅपवर जपानी तलवारीबद्दलचा एक मजकूर बरीच वर्षं फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: तिचं पोलाद हजार वेळा दुमडलेलं असतं, म्हणून ती बंदुकीची नळीही कापते, ती एकटा कारागीर घडवतो, म्यानातून काढली की रक्त पाजल्याशिवाय परत ठेवत नाहीत, आणि आता खरी कला संपली, कार्यशाळांत दिसतं ते पर्यटकांसाठीचं नाटक. या कौतुकात लोहाराचं खरं कसब झाकलं जातं, याचा मला राग येतो.

आधी घड्या. पोलाद साधारण 10 ते 15 वेळा दुमडतात. दर घडीला थर दुप्पट होतात, त्यामुळे दहाव्या घडीलाच 1,024 थर होतात. हजार हा आकडा बहुधा थरांचा; सांगोवांगी तो घड्यांना चिकटला. मुळात दुमडायचं कशाला? शिमाने प्रांतात ओकुइझुमो इथे मातीच्या भट्टीत लोहवाळू आणि लाकडी कोळसा तीन दिवस, तीन रात्री टाकत राहतात, तेव्हा तामाहागाने हे पोलाद हाती येतं. त्याच्या एकाच ढेकळात कार्बन कुठे जास्त, कुठे कमी, मधेमधे मळी. तापवून घण घातला की मळी बाहेर फेकली जाते आणि घड्यांमुळे कार्बन सगळीकडे सारखा होतो. पण दर तापवणीत थोडा कार्बन जळूनही जातो. सुरुवातीला एक टक्क्याच्या वर असलेला कार्बन 0.6-0.7 टक्क्यांच्या आसपास आला की दुमडणं थांबवायचं. हजार वेळा दुमडलं तर धार धरण्याइतका कार्बन उरणारच नाही, आणि बरंचसं लोखंडही पापुद्रे होऊन गळून जाईल. कुठे हात थांबवायचा, हे कळण्यात त्या लोहाराचं आयुष्य जातं.

बंदुकीच्या नळीचं काय? पाणी देण्याआधी पात्यावर मातीचा लेप देतात, पाठीकडे जाड, धारेकडे पातळ. पातं तापवून पाण्यात बुडवण्याचं काम अंधारात चालतं, कारण तापलेल्या पात्याचा रंग डोळ्यांनीच जोखायचा असतो. पाण्यात बुडवताच धार झटकन निवते आणि कडक होते. पाठ सावकाश निवते, म्हणून चिवट राहते. कडक होताना धारेकडचं पोलाद फुगतं, त्यातूनच तलवारीला बाक येतो. इथे तडा गेला तर आधीची सगळी मेहनत पाण्यात. अशी धार चटईची ओली गुंडाळी एका घावात कापते. पोलादावर आपटली तर तिचा टवका उडतो, पातं वाकून तसंच राहू शकतं.

एकट्या कारागिराची कल्पना तर अन्यायाची आहे. ओकायामा प्रांतातल्या ओसाफुने इथे संग्रहालयाला लागूनच कार्यशाळा आहेत. पारंपरिक घडाईत लोहार लहान हातोडीने इशारा देतो आणि शागीर्द त्या तालावर घण घालतात. (आता अनेक लोहार यांत्रिक घणही वापरतात, त्यात लपवण्यासारखं काहीच नाही.) पातं घडल्यावर ते पॉलिश करणाऱ्याकडे जातं. तो एकाहून एक बारीक दगडांवर ते घासतो, आणि तेव्हा कुठे धारेवरची ती पांढरट लहर नीट दिसते. म्यान, मूठ, पात्याच्या बुडाशी बसणारं धातूचं कडं, प्रत्येकाचा कारागीर वेगळा.

रक्त पाजण्याची गोष्ट निव्वळ खोटी. रक्ताने पातं गंजतं. तलवारीची निगा म्हणजे जुनं तेल पुसून नवीन तेलाचा पातळ हात.

राहिलं नाटक. 1876 मध्ये चारचौघांत तलवार लावून फिरायला बंदी आली, 1945 नंतर काही वर्षं ती घडवणंही बंद होतं, आणि ओकुइझुमोची भट्टी 1977 मध्ये पुन्हा पेटवली गेली. आजही परवाना हवा असेल तर परवानाधारक गुरूकडे किमान पाच वर्षं शिकावं लागतं आणि सरकारी प्रशिक्षणात हात सिद्ध करावा लागतो. परवाना मिळाल्यावरही महिन्याला दोनच लांब तलवारी घडवता येतात. शिकण्याच्या त्या वर्षांत बहुतेकांना पगार नसतो. शागीर्द कमी होत चालले आहेत ते यामुळे. कार्यशाळेच्या दारात चार पर्यटक उभे राहतात म्हणून नाही.