पिशवी बांधली म्हणजे वॉटरप्रूफ झालं का?

आज ऑफिसवरून येताना सिंहगड रोडला एका मांडवापाशी थांबलो आणि डोकंच फिरलं. भुरभुर पाऊस चालू, लोखंडी पाइपाला दोन वायरींचा जोड लटकतोय, त्यावर काळी टेप, टेपवर कॅरीबॅग, कॅरीबॅगला सुतळी. खाली लहान पोरं खेळतायत. काम करणाऱ्या मुलाला म्हटलं तर म्हणतो, "काका, बांधलीय ना पिशवी, दरवर्षी असंच करतो."

अरे दरवर्षी असंच करता हेच तर दुखणं आहे!

आमच्या सोसायटीतपण असंच चालायचं. गेटच्या खांबावरच्या दिव्याचा जोड, वर तीच काळी टेप. गेल्या पावसाळ्यात पहाटे दूधवाल्यासाठी गेट उघडायला वॉचमन काकांनी हात लावला आणि हात चिकटलाच. अख्ख्या गेटमध्ये करंट उतरला होता. दूधवाल्याने कोरड्या बांबूने हात सोडवला म्हणून माणूस वाचला.

टेपचा गोंद पावसात सुटतो, कड उचलली की पाणी आत. पिशवीत तर अजून वाईट, वरचं पाणी अडतं पण आतली दमट हवा रात्री गार होऊन तिथेच थेंब धरते आणि बाहेर जायला वाट नाही. शिवाय वायर वरून खाली उतरत असेल तर पाणी वायरीवरूनच ओघळत थेट जोडावर येतं, म्हणून जोड बंद बॉक्समध्ये ठेवायचा आणि वायर आधी त्या बॉक्सच्या खाली झोळ देऊन मग खालच्या बाजूने आत घ्यायची, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशीच गळून जातं. याला पैसे लागत नाहीत हो!

बॉक्स आयपी ६५ चा घ्या (यातला ५ म्हणजे पाण्याच्या फवाऱ्यालाही दाद न देणारा), वायर बॉक्समध्ये शिरते तिथे नीट ग्लँड (भोक घट्ट बंद करणारी बुशिंग) लावा, आणि जोड जमिनीवर, गवतात, डबक्यात कधीच नको.

काकांना शॉक बसला त्या दिवशी सगळे म्हणत होते, "एमसीबी होता की, पडला कसा नाही?" कसा पडेल? एमसीबी म्हणजे आपोआप पडणारा ब्रेकर, तो पडतो ओव्हरलोडला नाहीतर शॉर्टसर्किटला. सोळा अँपिअरच्या ब्रेकरला काकांच्या अंगातून गेलेला करंट कळलाही नाही, आणि माणूस मरायला एका अँपिअरचा दहावा भागसुद्धा पुरतो. तिथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती पकडणारा ब्रेकर लागतो, फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांत तेवढा फरक पडला की क्षणात लाइन तोडतो. आणि लोखंडी गेट, मांडवाचे पाइप यांना अर्थिंग हवंच.

बरं, मान्य, दहा दिवसांच्या मांडवाला एवढा खर्च जड जातो. आणि वायरमनच्या मजुरीत घासाघीस आपणच करतो, मग तो टेपवरच भागवणार. पण डीजेला पैसे निघतात ना?

काकांच्या बायको हॉस्पिटलबाहेर बसल्या होत्या. आमच्यापैकी कुणालाही एका शब्दाने त्यांनी जाब विचारला नाही, उलट "साहेब, घरी जा, उशीर झाला" म्हणाल्या. मला तेव्हा तिथे उभं राहवेना. काका आता ड्यूटीवर आलेत पण गेटला हात लावायच्या आधी अजून थबकतात.

रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. दोन माळा कमी लावा, पण आरसीसीबी बसवा आणि त्याचं टेस्टचं बटण सगळ्यांसमोर दाबून दाखवा, हे मी मांडणार आहे, माझी वर्गणी त्यासाठी वाढवून घ्या. तुमच्या मंडळात लायटिंगचं बघणारा जो कोणी असेल त्याला इथे टॅग करा, आजच, पाऊस वाढायच्या आत.