'ब्रिलियंट' आणि वैडूर्य: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इंग्रजी 'ब्रिलियंट' (लखलखीत) या शब्दाची पाळंमुळं आपल्या वैडूर्यापर्यंत, म्हणजे बेरिल या रत्नाच्या आपल्याकडच्या जुन्या नावापर्यंत, जाऊ शकतात असं मी एका लेखात लिहिलं, त्यावर तुम्ही सरळच विचारलंत की, 'सगळं जग आपल्याकडूनच शिकलं' या छापाचं हे आणखी एक फॉरवर्ड तर नव्हे? पुढे दोन आक्षेपही घेतलेत. इंग्रजी शब्दकोश इटालियनपर्यंत जाऊन 'पुढचं अनिश्चित' म्हणतात, हा पहिला. दुसरा असा की, बेरिल हे रत्न हिऱ्यासारखं लखलखत नाही, मग लखलखाटाचा शब्द त्याच्यावरून येईलच कसा? दुसरा आक्षेप जास्त दमदार आहे, पण क्रमाने जाऊ.

हा शब्द इंग्रजीत आला 17व्या शतकाच्या उत्तरार्धात, फ्रेंचमधून. फ्रेंचांनी तो इटालियन 'ब्रिल्लारे'वरून घेतला. ब्रिल्लारे म्हणजे चमकणे, चकाकणे. इथवर कुणाचं दुमत नाही. आता दुसरं टोक धरा. लॅटिन 'बेरिलुस' हा ग्रीक 'बेरुल्लोस'वरून आला आणि ग्रीक शब्द आला प्राकृत 'वेरुलिय'वरून, म्हणजे वैडूर्याच्याच प्राकृत रूपावरून. पालीत त्याचंच रूप 'वेळुरिय'. हेही पक्कं आहे, आणि नुसत्या ध्वनिसाम्यावर उभं नाही. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो की ही रत्नं भारतात होतात, इतरत्र क्वचितच सापडतात. दुसऱ्या शतकात ग्रीक भूगोलकार टॉलेमी आपल्या 'भूगोल' या ग्रंथात दक्षिण भारतातल्या पुन्नाटाचं नाव घेतो, ते तिथे बेरिल मिळतात म्हणूनच. तमिळनाडूत कोडुमणल इथल्या उत्खननात बेरिलचे मणी घडवण्याच्या खुणा मिळाल्या आहेत. माल गेला, मालाबरोबर नावही गेलं.

कच्ची आहे ती मधली कडी. बेरिलुसवरून बोली लॅटिनमध्ये 'बेरिल्लारे', म्हणजे बेरिलसारखं चमकणे, असं क्रियापद झालं असावं आणि त्याचं पुढे ब्रिल्लारे झालं असावं, हा अभ्यासकांचा तर्क आहे. ते क्रियापद लिहिलेलं कुठे सापडलेलं नाही. उलट ब्रिल्लारेचा आणखी एक अर्थ 'गरगर फिरणे' असाही दिला जातो. तो धरला तर रत्नाचा संबंधच उरत नाही. म्हणूनच लेखात 'जाऊ शकतात' असं लिहिलं होतं, 'जातात' असं नाही. तुमच्या शब्दकोशांचं आणि माझं भांडण नाहीच.

तरी मी तर्काच्या बाजूने झुकतो, आणि त्याला कारण आहे जर्मन भाषा. जर्मनमध्ये चष्म्याला 'ब्रिले' म्हणतात, डचमध्ये 'ब्रिल'. हे शब्द बेरिलवरूनच आले, यात शंका नाही. मध्ययुगात कुठल्याही स्वच्छ, पारदर्शक स्फटिकाला बेरिल म्हणायची पद्धत होती. तो घासून भिंग करत, आणि भिंगावरून नाव चष्म्याला चिकटलं. म्हणजे 'बेरिल'चा 'ब्रिल' होणं ही कल्पनेतली गोष्ट नाही, युरोपात ते घडलेलं आहे. इटालियनमध्येही घडलं, असं यावरून सिद्ध होत नाही, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणतो.

आता लखलखाट. हिऱ्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो याचं माप; तो जास्त तशी चकाकी जास्त) 2.42, बेरिलचा 1.57 ते 1.58च्या आसपास. चकाकीत बेरिल हिऱ्याच्या पासंगालाही पुरणार नाही. पण ही तुलनाच अलीकडची आहे. ज्याला आज ब्रिलियंट कट म्हणतात तशा घाटाचे हिरे 17व्या शतकात घडू लागले, आणि 57 किंवा 58 पैलूंच्या आधुनिक गोल घाटाचं गणित हिरे घडवणाऱ्या घराण्यातल्या मार्सेल टोलकोव्स्कीने मांडलं ते 1919 साली. त्याआधीच्या माणसाच्या डोळ्यांपुढे आजचा हिरा नव्हताच. शिवाय प्लिनीने तुमच्या आक्षेपाचं उत्तर जवळपास देऊनच ठेवलंय. तो म्हणतो, बेरिलचा रंग एकसारखा असल्यामुळे मंद वाटतो, म्हणून कारागीर त्याला षटकोनी घडवतात. कोनांवरून प्रकाश परतला की रंग खुलतो. (बेरिलचा स्फटिक मुळातच षटकोनी असतो, तेव्हा कारागिरांना दिलेलं थोडं श्रेय निसर्गाचं असावं, अशी मला शंका आहे.) म्हणजे मंद दगड प्रकाशाने उजळवायचा, हा खटाटोप बेरिलच्या बाबतीत रोमन काळापासूनचा आहे.

राहिला फॉरवर्डचा आरोप. फॉरवर्ड संस्कृतपाशी पोचलं की थांबतं, टाळी घेतं. ही गोष्ट तिथे थांबत नाही. 'वैडूर्य' हे प्राकृत शब्दाचं मागाहून संस्कृत केलेलं रूप असावं आणि प्राकृत शब्दाचं मूळ द्राविडी असावं, असं मत आहे. वेळूर या गावाशीही त्याचा संबंध जोडतात. पाणिनीने 'विदूर' या ठिकाणावरून वैडूर्य साधणारं सूत्र दिलं. त्यावर महाभाष्यात पतंजली शंका काढतो, हा दगड विदूरात निपजतच नाही! तो निघतो वालवाय पर्वतात, विदूरात त्याच्यावर फक्त संस्कार होतात. मग व्याकरण सावरण्यासाठी तो सांगतो की, व्याकरणकार वालवायालाच विदूर म्हणतात. तुमच्यासारखा वाचक पाणिनीलासुद्धा सुटला नाही, तर माझी काय कथा!

एक मात्र लेखात यायला हवं होतं असं तुम्ही म्हणालात, ते इथे देतो. आज आपण नवरत्नांत वैडूर्य म्हणतो ते लसण्याला, आणि लसण्या बेरिल नव्हे. तो क्रायसोबेरिल, वेगळं खनिज. दोन्हींत बेरिलियम असतं, इतकंच काय ते नातं. पाचू मात्र अस्सल बेरिल.

तेव्हा माझ्या त्या लेखाच्या शीर्षकातलं 'कदाचित' मी काढणार नाही. ते 'नक्की' करण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही, आणि 'मुळीच नाही' करण्याइतका तुमच्याकडेही नाही. कुणाला जुन्या लॅटिन हस्तलिखितात 'बेरिल्लारे' लिहिलेलं सापडलं, तर मात्र आधी तुम्हाला कळवीन.