मुंबईच्या दमट हवेत लोखंडी अशनी

अशनी, म्हणजे अवकाशातून पडलेले तुकडे, घरी जपण्याबद्दलच्या लेखात ते उघड्या शोकेसमध्ये मांडा म्हटलंय, मुंबईत कृपया तसं करू नका. दादरच्या आमच्या घरात अर्जेंटिनातल्या कांपो देल सिएलो भागात पडलेल्या लोखंडी अशनीच्या तुकड्याचे एकाच पावसाळ्यात गंजून पापुद्रे सुटले. जीव हळहळला. आता तो हवाबंद डब्यात, सिलिका जेलसोबत असतो. (उघड्या हाताने धरूही नका, घामातलं मीठ वाईट.)

पण घासून आम्लात बुडवलेली चकती एकदा तरी बघाच! कामासाइट आणि टेनाइट या लोखंड-निकेलच्या दोन खनिजांच्या एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्या, लाखो वर्षं सावकाश निवलेल्या लोखंडाची ही विडमनश्टेटेन नक्षी कुठल्याच भट्टीत उमटत नाही.

आणि चुंबक चिकटला म्हणून विकत घेऊ नका, भट्टीतली धातूची मळीही चिकटते. लोखंडी अशनीत निकेल असतं, ते आधी तपासून घ्या.