शॉकअप, डिस्क, २१ गिअर: ऑफिसच्या सायकलसाठी चुकीची यादी

‘ऑफिसला सायकलने जायचं तर पुढे शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, २१ गिअर, जाड खाचांचे टायर आणि मऊ जेल सीट एवढं बघून घ्या, आपल्या रस्त्यांवर साधी सायकल टिकत नाही.’ हा सल्ला सगळीकडे फिरतोय. ज्याच्याकडे दहा-बारा हजार रुपये आहेत आणि रोज सहा-आठ किलोमीटर जायचंय, त्याचं यात नुकसान होतं.

आधी शॉकअप. या किमतीत नुसती स्प्रिंग मिळते, तिची उसळी आवरणारी यंत्रणा नसते. आतलं घर्षण इतकं की डांबराची बारीक खडखड हातापर्यंत येतेच, आणि चढावर उभं राहून पायडल मारलं की जोर स्प्रिंग दाबण्यात जातो. साध्या फोर्कपेक्षा (पुढचं चाक धरणाऱ्या बिनस्प्रिंगच्या चिमट्यापेक्षा) वजन किलोभर तरी जास्त. दोन पावसाळे गेले की आत गंज धरतो आणि शॉकअप हलेनासा होतो.

हादरे खरे सोसतो तो टायर. टायरवर लिहिलेलं माप ७०० बाय ३५ ते ४० किंवा २६ बाय १.७५ असावं, टायर मधोमध गुळगुळीत. सत्तर किलोच्या माणसाला हवेचा दाब मागे ५० ते ५५ पीएसआय, पुढे पाच-सात कमी. बऱ्याच दुकानांत टायर दगडासारखा टम्म फुगवून देतात आणि कंबर दुखली की दोष सायकलला जातो. हवा फार कमी असली तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमशी चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. असं पंक्चर दिसलं की काटा शोधत बसू नका, हवा वाढवा. खाचांचे टायर मातीसाठी असतात. डांबरावर ते घरघरतात आणि दम काढतात.

डिस्कच्या मुद्द्यात तथ्य आहे. पावसात रिमचा ब्रेक आधी पाणी पुसतो, मग पकडतो. डिस्कला हा उशीर होत नाही. पण स्वस्त, केबलवरच्या डिस्कमध्ये बहुधा एकच पॅड सरकतो. दुसरा झिजेल तसा पान्याने आत घ्यावा लागतो, आणि हे कुणी सांगत नाही. स्टँडवर शेजारच्या गाडीचा धक्का लागून चकती वाकली की ती घासत राहते. व्ही-ब्रेकचे, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी पकडणाऱ्या ब्रेकचे, पॅड कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात, बदलायला दहा मिनिटं. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा रिम पुसा, पॅडमध्ये रुतलेली खडी काढा. नाहीतर ती रिम खाते.

२१ गिअर म्हणजे पुढे पायडलपाशी ३ दातेरी चकत्या (चेनव्हील), मागे चाकापाशी ७. पण पुढे २४ दात आणि मागे १६, किंवा पुढे ४२ आणि मागे २८, दोन्हींचं गुणोत्तर दीडच. असे बरेच गिअर एकमेकांची नक्कल असतात, आणि पुढचा बदलताना चेन उतरते ती वेगळीच. पुढे ३८ दातांचं एकच चेनव्हील, मागे १४ ते २८ चं सात चकत्यांचं फ्रीव्हील घ्या: २६ इंची चाकावर उड्डाणपुलाच्या चढाला ताशी साधारण १० किमी, सपाटीला २५ किमी वेग आरामात मिळतो. कात्रज घाटासारखा चढ रोजचा असेल तर मात्र पुढची तीन चेनव्हील कामाची.

जेल सीट दुकानात दाबून बघायला छान वाटते. अर्ध्या तासाने बैठकीची हाडं तिच्यात रुततात, मधला भाग वर येतो आणि मुंग्या येतात. थोडी कडक, मागे रुंद सीट घ्या. टाच खालच्या पायडलवर ठेवल्यावर पाय जेमतेम सरळ व्हावा, एवढी ती उंच करा. चवडा ठेवला की गुडघा आपोआप हवा तितका वाकतो. हँडल सीटच्या पातळीत किंवा इंचभर वर असावं. ते वर घेताना दांड्यावरची कमाल खूण बाहेर दिसू देऊ नका. फ्रेमची आडवी नळी दोन पायांमध्ये घेऊन जमिनीवर उभं राहून पाहा, नळीच्या वर दोन-तीन सेंटिमीटर जागा हवी. नसेल तर फ्रेम मोठी आहे, सवलत कितीही असो.

त्या यादीत मडगार्ड, कॅरियर आणि चेनकव्हर यांचा उल्लेखच नाही! पाठीवर लॅपटॉपची बॅग घेऊन गेलात तर घामाने शर्ट भिजणारच, तिची जागा कॅरियरवर. तो बसवायला मागच्या चाकाच्या आसाजवळ फ्रेमला बोल्टची भोकं आहेत का, ते पैसे देण्याआधी बघा. मडगार्ड आणि टायरमध्ये बोटभर फट ठेवा, नाहीतर जुलैत चिखल अडकून चाक जाम होतं.