बॅटरी दिसली म्हणजे क्वार्ट्झ नव्हे

जुन्या घड्याळांचा विषय निघाला की एक मत हमखास पुढे केलं जातं: बॅटरीवरची जुनी घड्याळं जमवण्यात अर्थ नाही. त्यांत कारागिरी नसते, वेळ धड दाखवत नाहीत, क्वार्ट्झ (स्फटिकाच्या कंपनांवर चालणारी बॅटरीची घड्याळं) येईपर्यंतची ती तात्पुरती सोय होती, आणि आता त्यांचे सेलही मिळत नाहीत. असं ऐकून लोक चालू होण्याजोगी घड्याळं मोडीत काढतात, याचं मला फार वाईट वाटतं.

कारागिरीपासून सुरुवात करू. स्विस अभियंता मॅक्स हेट्झेल यांच्या कल्पनेतून बुलोव्हा या अमेरिकी कंपनीचं ॲक्युट्रॉन हे बॅटरीवरचं घड्याळ 1960 साली बाजारात आलं. त्याच्या आत आहे नादकाटा (ट्यूनिंग फोर्क), शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसाच, पण मनगटी घड्याळात मावणारा. तो सेकंदाला 360 वेळा कंप पावतो. दोन कॉइल (बारीक तारेची वेटोळी) आणि एकुलता एक ट्रान्झिस्टर त्याला हलतं ठेवतात, बस्स. पुढचं सगळं काम यांत्रिक आहे: नादकाट्याच्या एका भुजेवरच्या बारीक पट्टीच्या टोकाला रत्न बसवलंय, आणि प्रत्येक कंपनाला ते एका चाकाचा एकच दात पुढे सरकवतं. चाकाचा व्यास जेमतेम अडीच मिलिमीटर, आणि दाते 300! नुसत्या डोळ्यांना ते दातेच दिसत नाहीत. यात कारागिरी नाही म्हणणाऱ्याने हे चाक एकदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं.

वेळेचं म्हणाल, तर बुलोव्हाने महिन्याला एका मिनिटाच्या आत फरकाची हमी दिली होती. म्हणजे दिवसाला साधारण दोन सेकंद. चावीच्या चांगल्या घड्याळांनाही तेव्हा हे जड जायचं.

हॅमिल्टन या अमेरिकी कंपनीच्या 1957 च्या इलेक्ट्रिक घड्याळाबद्दल ही तक्रार मात्र खरी आहे. त्यात ट्रान्झिस्टर नव्हता; बॅलन्स व्हीलला (मागेपुढे झुलून वेळ मोजणाऱ्या चाकाला) झटका देणारा प्रवाह धातूच्या संपर्कांतून जायचा आणि ते संपर्क खराब व्हायचे. पण तो दोष पुढच्या सगळ्या घड्याळांच्या माथी मारणं अन्याय आहे.

‘तात्पुरती सोय’ हेही पटत नाही. सायकोचं क्वार्ट्झ ॲस्ट्रॉन डिसेंबर 1969 मध्ये आल्यावरही नादकाट्याची घड्याळं बनत राहिली. ओमेगाची नादकाट्याच्या घड्याळांची एफ-300 मालिका सत्तरच्या दशकातलीच.

राहिला सेलचा प्रश्न. मूळ सेल पाऱ्याचा, 1.35 व्होल्टचा, तो गेला. आजचा सिल्व्हर ऑक्साइडचा सेल 1.55 व्होल्टचा आहे. त्यावर ॲक्युट्रॉनच्या 214 या मॉडेलमध्ये कधीकधी एकाऐवजी दोन दात सरकतात आणि घड्याळ भलतंच पुढे पळतं. जाणकार कारागीर ते जुळवून देतो, किंवा व्होल्टेज उतरवणारी सोय वापरता येते. विकत घेताना चांगला सेल घालून कानाशी धरा. गुणगुणत असेल पण काटे हलत नसतील, तर कॉइल शाबूत आहेत आणि दुरुस्तीची आशा आहे. मुकं असेल, तर कॉइलची तार तुटलेली असू शकते. मग दुसऱ्या जुन्या घड्याळातला भाग शोधावा लागेल, किंमत त्या हिशेबानेच ठरवा.