‘९८ टक्के डीएनए म्हणजे कचरा’? जरा थांबा

‘माणसाच्या डीएनएपैकी ९८ टक्के भाग निव्वळ कचरा आहे, त्याचा काही उपयोग नाही’ असा एक मेसेज फिरतोय. आकडा साधारण बरोबर आहे. प्रथिनं बनवण्याची कृती जेमतेम दीड-दोन टक्के डीएनएत असते. चूक आहे ती ‘उपयोग नाही’ या शब्दांत.

गल्लीतली काळी-केशरी-पांढरी मांजर आठवा. ती जवळजवळ नेहमी मादीच असते. केशरी रंग ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, आणि मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद केलेला असतो. कुठे हा, कुठे तो. म्हणून अंगावर काळे-केशरी ठिगळ. हे कुलूप लावतो ‘झिस्ट’ नावाचा आरएनए, म्हणजे डीएनएच्या एका तुकड्यावरून उतरवलेली नक्कल. माणसात तो १९९१ मध्ये सापडला. त्यापासून एकही प्रथिन बनत नाही. तो त्या एक्सवर गोधडीसारखा पसरतो. बायकांच्या पेशींतही हेच चालतं.

पुरुषांच्या वृषणात ‘पाय-आरएनए’ असतात. हेही प्रथिन न बनवणारे आरएनएच, पण अगदी छोटे, जेमतेम २४ ते ३१ रासायनिक अक्षरांचे. डीएनएत इकडून तिकडे उड्या मारणाऱ्या तुकड्यांना ते आवर घालतात. त्यांच्यासोबत काम करणारं ‘मिवी’ प्रथिन काढून टाकलेल्या नर उंदरांत शुक्राणू अर्धवटच राहतात आणि उंदीर वांझ होतात.

म्हणून सगळाच डीएनए कामाचा, असंही नाही हं. बराचसा खरोखरच अडगळ असावा. पण अडगळीच्या खोलीतच घराची किल्ली टांगलेली आहे.