जुना नंबर, नवा नंबर

सदाशिव पेठेत मी ज्या वाड्यात भाड्यानं राहतो, त्याला दोन घर नंबर आहेत, जुना आणि नवा. पोस्टमन जुना मानतो, वीजबिल नवा, आणि घरमालक काका कुणालाच मानत नाहीत. या अनुभवाचा पाषाणच्या प्रयोगशाळेत उपयोग व्हायला हवा होता. झाला नाही.

काम साधं होतं. माणसाच्या डीएनएतल्या सुमारे तीनशे कोटी अक्षरांतलं बदललेलं एक अक्षर आयजीव्हीत, म्हणजे डीएनए पडद्यावर दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडून सरांना दाखवायचं. "दहा मिनिटांचं काम," सर म्हणाले. म्हणजे तीन दिवस.

पहिला दिवस एक्सेलनं खाल्ला. जनुकांची जुनी यादी उघडली, तर 'मार्च१'चा १ मार्च आणि 'सेप्ट२'चा २ सप्टेंबर झालेला. हा छळ इतका जुना की २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीनं शेवटी जनुकांचीच नावं बदलली. एक्सेल २०२३ पर्यंत जागचं हललं नाही. (भाडेकरूनंच समजून घ्यायचं, हे मला ओळखीचं वाटलं.)

मग बेडटूल्स, म्हणजे दोन फाइलींतल्या जागा जुळवून पाहणारा प्रोग्रॅम. एक फाइल गुणसूत्राला 'सीएचआर१' म्हणते, दुसरी नुसतं '१'. झालं, दोघांची ओळखच नाही. उत्तर आलं शून्य ओळी.

तेही निस्तरून आयजीव्ही उघडलं, तर तिथे भलतंच अक्षर! यादी माणसाच्या डीएनएच्या २००९ च्या एचजी१९ नकाशावरची आणि मी उघडलेला २०१३ चा एचजी३८. आयजीव्ही चकार शब्द काढत नाही. पेठेत चुकीच्या दारात उभं राहिलात तर निदान आतून "कोण पाहिजे?" असं खेकसणं तरी ऐकू येतं. लिफ्टओव्हर नावाच्या प्रोग्रॅमनं जुन्या नकाशावरचे पत्ते नव्यात बदलून दिले. ज्यांना नवा पत्ताच सापडला नाही, त्यांची रवानगी वेगळ्या फाइलीत.

तरीही दिसत होतं ते शेजारचं अक्षर. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जिना चढत होतो, तर काका कुरियरवाल्यावर तापलेले: "अहो, पहिला मजला म्हणजे तळमजल्याच्या वरचा!"

मी जिन्यातच थांबलो. माझी यादी होती बेड प्रकारच्या फाइलीत. बेड फाइल सुरुवात शून्यापासून मोजते, आयजीव्ही एकपासून. ती म्हणते तळमजला, हे त्यालाच पहिला म्हणतं. तीन दिवस मी एक मजला खाली बेल वाजवत होतो.

सरांनी अक्षर पाहिलं. "छान. आता पेपरसाठी सगळं सर्कोसमध्ये गोल करून दे."

सर्कोस म्हणजे गोल चित्र काढणारा प्रोग्रॅम. रात्री दोनपर्यंत गुणसूत्रं वर्तुळात बसवली, मधून रंगीत धागे सोडले. सकाळी काकूंनी (चक्क) चहा आणला आणि लॅपटॉपमध्ये डोकावल्या.

"रांगोळी छान आहे हो. फक्त मधे लोकर गुंतलीय."